दहा कोटी आकड्यांची घरघर

घरघर थांबली तेव्हा श्यामलाबाई मेथी निवडत होत्या. काय झालं ते आधी त्यांना कळलंच नाही. घरातून काहीतरी निघून गेलं एवढंच जाणवलं आणि हातातली जुडी हातातच राहिली. फ्रिज चालू होता. टीव्हीखालचा तांबडा दिवा जळत होता. खाली वारज्याच्या पुलाकडे जाणाऱ्या गाड्या नेहमीसारख्या एकमेकींवर खेकसत होत्या. म्हणजे वीज गेलेली नव्हती. आणि ती गेलेली नाही हे श्यामलाबाईंइतक्या खात्रीने त्या इमारतीत दुसऱ्या कुणालाच सांगता आलं नसतं, कारण या घरातली वीज गेले कित्येक महिने त्या स्वतःच घालवत होत्या.

आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. दारामागे आमोद होता, त्यांचा एकुलता एक मुलगा, चाळिशीला टेकलेला, आणि त्याचा तो काळा, गुडघ्याएवढा, दिवसरात्र घरघरणारा कॉम्प्युटर. हिंजवडीतली नोकरी गेली तेव्हा ती काही एकट्या आमोदची गेली नव्हती, कंपनीने अख्खा मजला रिकामा केला होता. बाकीचे लोक चार शिव्या देऊन, दहा ठिकाणी अर्ज करून कुठे ना कुठे लागले. आमोदने शिव्याही दिल्या नाहीत. वर्षभरात स्पृहा, त्याची बायको, बाणेरला भावाकडे राहायला गेली, तेही भांडण न करता, दोन्हीकडून अगदी सभ्यपणे, आणि श्यामलाबाईंना त्या सभ्यपणाचीच जास्त भीती वाटली होती. मग एका रविवारी तो दोन बॅगा आणि हा कॉम्प्युटर घेऊन आईकडे आला. बॅगा अजून पुरत्या उघडलेल्या नव्हत्या. कॉम्प्युटर मात्र त्याच संध्याकाळी सुरू झाला. उन्हाळा गेला, पाऊस गेला, दिवाळी गेली, आता संक्रांतही होऊन गेली होती, आणि एवढ्या काळात तो बंद झाला असेल तर एखादा दिवस सोडता श्यामलाबाईंच्या कृपेने.

तो एक संख्या तपासत होता. जगभरातले हौशी लोक आपापल्या घरी अशा संख्या वाटून घेतात आणि आजवर सापडलेल्यांहून मोठी मूळ संख्या शोधत बसतात, हे श्यामलाबाईंना आमोदने सांगायची गरज नव्हती. उभा जन्म त्यांनी कॉलेजात गणित शिकवलं होतं. जिला एक आणि ती स्वतः यांखेरीज कुणीही भागू शकत नाही ती मूळ संख्या, हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा फळ्यावर लिहिलं होतं की त्यांच्या बोटांना ते पाठ होतं. आमोदने घेतलेली संख्या मात्र राक्षसी होती. तेहतीस कोटी दोन घ्यायचे, म्हणजे जितके देव तितके, आणि वर थोडे आणखी, त्या सगळ्यांचा एकमेकांशी गुणाकार करायचा आणि उत्तरातून एक वजा करायचा. दहा कोटी आकडे होतात. छापली तर पुस्तकांचं कपाट भरेल, आणि त्यातल्या एकाही पानावर वाचण्यासारखं काही नसेल. पण द्विमान पद्धतीने, म्हणजे फक्त शून्य आणि एक वापरून, लिहिली तर तिच्यात शून्य औषधालाही सापडत नाही, नुसते एकच एक, रांगेने, तेहतीस कोटी एक. आणि ती मूळ निघाली तर तिच्या पाठोपाठ एक परिपूर्ण संख्या जन्माला येते, सहा किंवा अठ्ठावीससारखी, स्वतःहून लहान असलेल्या आपल्या सगळ्या विभाजकांची बेरीज करून पुन्हा स्वतःच होणारी. पहिल्या दिवशी आमोदने हे सगळं जेवताना सांगितलं तेव्हा श्यामलाबाईंचा घास हातात राहिला होता. संख्येचं त्यांना अप्रूप नव्हतं. पोरगा सलग चार वाक्यं बोलला होता, त्याचं होतं.

तपासायची रीत सोपी आहे, सातवीतल्या मुलाला समजेल. चार घ्यायचे. त्यांचा वर्ग करायचा, दोन वजा करायचे, त्या राक्षसी संख्येने भागायचं आणि बाकी ठेवायची. त्या बाकीचा पुन्हा वर्ग, पुन्हा दोन वजा, पुन्हा भाग, पुन्हा बाकी. असं तेहतीस कोटी वेळा. अगदी शेवटी बाकी शून्य उरली तर संख्या मूळ. दुसरं काहीही उरलं तर ती फुटते, संयुक्त आहे, सोडून द्या. मधल्या बाक्यांना काडीचा अर्थ नसतो. शेवटून दुसऱ्या पायरीवर उभं राहूनही पुढे काय येणार ते दिसत नाही. आणि शून्य येण्याची शक्यता किती, हे श्यामलाबाईंनी त्याच रात्री गाद्या घालताना मनाशी मांडून पाहिलं होतं. लाखांत एक, तीही उदार मनाने धरली तर. म्हणजे नाही. गणिताच्या भाषेत नाही म्हणायचं नसतं इतकंच.

हे एवढंच असतं तर त्यांनी त्याला खुशाल खेळू दिलं असतं. पण पावसाळ्यात आमोद ज्या डॉक्टरांकडे जाऊ लागला होता त्या चैताली जोगांनी एकदा त्याला बाहेर बसवून श्यामलाबाईंना आत बोलावलं. वयाने आमोदपेक्षाही लहान बाई, पण बोलणं स्वच्छ. "काकू, मी घाबरवत नाही तुम्हाला, पण लपवणारही नाही. ती चाचणी होईपर्यंत थांबतो, असं ते मला म्हणालेत. त्यांनी स्वतःला मुदत घालून घेतली आहे. मशीन चालू आहे तोवर मला थोडी उसंत आहे. तुम्ही मात्र त्यांच्याशी सरळ बोला. मनात मरायचा विचार येतो का, असं थेट विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, असायचा तर तो असतोच. उलट बोलता येतं माणसाला." श्यामलाबाईंनी मान डोलावली होती. रिक्षात बसल्यावर त्यांनी वाक्य जुळवायला घेतलं. घरी पोचेपर्यंत जुळलं नाही. पुढेही जुळलं नाही. मुलाला असं कसं विचारायचं? जेवतोस का, भाजी कशी झालीय, आणि मरणार आहेस का? त्या ओट्याशी उभ्या राहून ते वाक्य पुटपुटत आणि मग कुकरची शिट्टी झाली की सुटल्यासारखं वाटून गॅस बारीक करत.

विचारणं जमलं नाही, दुसरं मात्र जमलं. त्या दिवसांत एकदा खरोखरच वीज गेली. घरघर थांबली, आमोद बाहेर आला, कोचावर बसला, आणि चक्क चहा पितो म्हणाला. त्याचा यूपीएस केव्हाच बिघडला होता. "प्रोग्रॅम शेवटचं जिथे सेव्ह केलंय तिथून परत सुरू होतो," तो म्हणाला. "मधलं काम वाया." वाया गेलं हे ऐकून श्यामलाबाईंना जो आनंद झाला तो त्यांनी कपबशीत तोंड खुपसून लपवला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या प्लॅस्टिकचं स्टूल घेऊन जिन्यात गेल्या, मीटरच्या पेटीत आपल्या घराचा स्विच होता तो खाली ओढला, आणि स्टूल दाराआड ठेवून निमूट आत आल्या. आतून आमोदने विचारलं, "गेली का?" "गेली," त्या म्हणाल्या. तेव्हापासून हे रोजचं होऊन बसलं, कधी सकाळी, कधी दुपारी, म्हणजे संशय नको. गेली का? गेली. मग तो बाहेर येई, दोघं चहा पीत, तो काहीबाही बोले, पाऊस फार आहे म्हणे, कात्रजच्या दुधाची पिशवी बदलली का म्हणे, आणि मग त्या काहीतरी निमित्त काढून जिन्यात जात आणि वीज येई. जन्मभर विद्यार्थ्यांच्या चुकलेल्या उत्तराला अर्धा गुणसुद्धा न देणारी बाई रोज धडधडीत खोटं बोलत होती आणि त्या खोट्यावर तिचा मुलगा आणखी थोडा वेळ जगत होता. निदान त्यांचा हिशेब तसा होता.

"काकू, आज तुमचं जातं बंद हाय व्हय?" भांडी घासून हात पुसत दुर्गामावशी बाहेर आल्या. त्या आंबेगावाकडून कामाला येत आणि आमोदच्या कॉम्प्युटरला पहिल्यापासून जातंच म्हणत. "बरं वाटतंय बगा कानाला. भाऊ झोपल्यात का?"

"झोपला असेल," श्यामलाबाई म्हणाल्या.

"मग मेथी कराया घ्या की. नुसती धरून काय बसलाय?"

दुर्गामावशी चपला घालून गेल्या. आता घरात काहीच आवाज उरला नाही. श्यामलाबाईंनी जुडी ताटात ठेवली. उठायला हवं होतं. चार पावलांवर दार होतं, ढकललं की उघडणारं, आतली कडी त्यांनीच डॉक्टरांच्या सांगण्यावरून काढून टाकली होती. पण त्या कान देऊन बसल्या. खुर्ची सरकल्याचा, खोकल्याचा, पान उलटल्याचा, कसलाही आवाज चालला असता. आत काहीतरी हललं की आपणच तशी कल्पना करतोय, हेही त्यांना क्षणभर कळेना. शून्य आलं असेल तर तो ओरडत बाहेर आला असता. तो आलेला नाही. म्हणजे लाखांतले उरलेले सगळे, संख्या फुटली. ही चाचणी संख्या फुटते इतकंच सांगते, कशाने फुटते ते सांगत नाही. हे तिचं वैशिष्ट्य त्या वर्गात मोठ्या कौतुकाने सांगत असत: बघा, एकही विभाजक हाती न लागता आपण ठामपणे म्हणू शकतो की ही मोडते. मुलं माना डोलावत. आता तेच कौतुक त्यांच्यावर उलटलं. आमोद मोडला हे त्यांना दिसत होतं, सिद्ध करायची गरज नव्हती, पण कशाने? नोकरीने म्हणावं तर त्याच मजल्यावरचे बाकीचे सगळे धडधाकट होते. स्पृहाने म्हणावं तर ती जाण्याच्या आधीच तो अबोल झाला होता, बिचारी त्या अबोल्यालाच कंटाळून गेली. त्याचे बाबा गेले तेव्हा तो रडला नव्हता, ते असेल का? एकेक विभाजक घेऊन त्या भागत होत्या आणि प्रत्येक वेळी काहीतरी उरत होतं.

मग स्वतःला घेऊन भागून पाहायचं तेवढं राहिलं. आमोद पाचवी-सहावीत असताना एकदा आठवडाभर एका संख्येमागे लागला होता. दहा लाख नऊ. कुठल्याशा वहीच्या मागे भागाकार करत बसायचा, शाळेच्या रिक्षातसुद्धा. शेवटी पोळ्यांच्या वेळी स्वयंपाकघरात आला आणि जाहीर केलं, आई, ही मूळ आहे, मी शोधली. चेहरा असा उजळलेला. श्यामलाबाईंना ती संख्या ठाऊक होती. जुन्या काळच्या एका थोर गणितज्ञानेही ती आधी मूळ धरली होती आणि मागाहून स्वतःच चूक सुधारली होती. हे त्यांनी पोराला सांगायला हवं होतं, केवढ्या मोठ्या माणसाच्या पंगतीत बसलास म्हणायला हवं होतं. त्यांनी पोळी उलटली आणि म्हटलं, "हजारचा वर्ग अधिक तीनचा वर्ग. आणि नऊशे बहात्तरचा वर्ग अधिक दोनशे पस्तीसचाही. दोन रीतींनी जमते ना, मग ती मोडणारच. दोनशे त्र्याण्णवने भाग." तो गेला, भागून आला आणि म्हणाला, "मोडली." एवढंच. जेवला, झोपला, सगळं नीट. पुढे कितीतरी वर्षं त्या हा किस्सा हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना हसत हसत सांगत, आणि आमोद तिथे असला तर तोही हसे. म्हणजे त्यात काहीच नसेल. खरंच काही नसेल. मुलं असल्या गोष्टी विसरतात. पण हे उत्तर त्यांनी कुणा विद्यार्थ्याच्या पेपरात पाहिलं असतं तर खाली लाल शाईने लिहिलं असतं, सिद्धता कुठे आहे?

त्या उठल्या. कसं उठता आलं ते त्यांना कळलं नाही. दार ढकललं.

आमोद खुर्चीत बसला होता. जिवंत होता, हात मांडीवर, समोरचा पडदा काळा. श्यामलाबाईंनी चौकटीला धरलं. खोलीत उबट, कोंदट वास होता, महिनोन्महिने चाललेल्या यंत्राचा, आणि त्या वासात आमोद दाढी वाढवून बसलेला, त्याच्या बाबांसारखा दिसणारा.

"संपलं?" त्यांनी विचारलं.

"संपलं."

"आज?"

"नाही. दिवाळीत."

त्यांना वाटलं आपण चुकीचं ऐकलं. आमोदने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. "लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी रिझल्ट आला. शून्य नाही आलं. येणार नव्हतंच, तुलाही माहीत होतं. तू बाहेर पणत्या लावत होतीस. मी सांगायला म्हणून दारापर्यंत आलो, तर तू पणती हातात धरून इकडे कान लावून उभी होतीस. आवाज आहे ना, ते बघत होतीस. आहे म्हटल्यावर पुढची पणती लावलीस. मग मी परत आत गेलो आणि तीच संख्या पहिल्यापासून सुरू केली."

"तीच? कशाला? उत्तर तेच येणार."

"तेच येणार. तुला आवाज लागत होता ना."

श्यामलाबाईंनी मनाशी महिने मोजले. दिवाळीपासून. म्हणजे थंडीभर त्या स्टुलावर चढून जे लांबवत होत्या ते आधीच होऊन गेलेलं होतं. "आणि ती वीज," त्या कशाबशा म्हणाल्या, "ती मी..."

"लाइट गेलेली असताना लिफ्टमधली बाई बोलत असते, आई. कृपया दरवाजा बंद करा. पहिल्या आठवड्यातच कळलं मला."

"जनरेटर असेल असं वाटलं नाही तुला?"

"आपल्या सोसायटीला जनरेटर कुठाय? त्यावरून तीन मीटिंगांत भांडणं झालीत." तो किंचित हसला. ते हसू बघून त्यांना धीर यायला हवा होता, आला नाही. एवढ्या शक्यता मोजणारी बाई, शेजारच्या भिंतीआड वर-खाली करणारी लिफ्ट तिच्या मांडणीत आलीच नव्हती.

"मग बोलला का नाहीस?"

"चहा मिळायचा," तो म्हणाला. "सकाळी मी दार किलकिलं करून बघत होतो. तू स्टुलावर होतीस, एक पाय हवेत, स्टूल डुगडुगत होतं. पडली असतीस. माझ्यासाठी ही म्हातारी जिन्यात पडून कंबर मोडून घेणार, मग मशीन बंद केलं. वाटलं, पुरे झालं आता. दोघांचंही."

दोघांचंही. तो शब्द त्याने अगदी साधा, दूध संपलंय म्हणावं तसा उच्चारला. श्यामलाबाईंना कळलं की दिवाळीपासून त्याला कुठल्याही संख्येने धरून ठेवलेलं नव्हतं. फक्त त्यांची भीती होती, तिच्यासाठी तो थांबला होता, आणि आज त्याने तिचाही निकाल लावून टाकला होता. आता पुढे चालू असलेलं असं काही राहिलं नव्हतं. पावसाळ्यापासून ओट्याशी घोळवलेली मऊ मऊ वाक्यं त्यांनी आठवून पाहिली, एकही सापडेना.

"आमोद, तुला मरायचंय का?"

स्वतःचा आवाज त्यांना वर्गातल्यासारखा वाटला, कोरडा, मागच्या बाकापर्यंत जाणारा. आमोद दचकला. त्याने काळ्या पडद्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे. तो नाही म्हणेल, काहीतरीच काय आई म्हणेल, असं त्यांना वाटलं, आणि तसं म्हणावं अशी त्यांनी जिवाच्या आकांताने इच्छा केली.

"हो," तो म्हणाला. "रोज नाही. पण आज, हो."

त्या पलंगाच्या कडेवर बसल्या. डाव्या हाताने त्यांनी त्याचं मनगट धरलं, केवढं बारीक झालं होतं ते, आणि उजव्या हाताने फोन काढला. चष्मा बाहेर मेथीपाशी राहिला होता. डॉक्टरांचा नंबर अंदाजाने दाबला, चुकला, पुन्हा दाबला. पलीकडून एका मुलीचा आवाज आला, मॅडम सेशनमध्ये आहेत, तुमची अपॉइंटमेंट पुढच्या गुरुवारची दिसतेय, तोपर्यंत काही अर्जंट आहे का?

"आत्ता," श्यामलाबाई म्हणाल्या. "सेशनमधून उठवा त्यांना. आमोद आगाशे, मी आई बोलतेय. तो हो म्हणाला म्हणून सांगा. त्यांना कळेल."

"होल्ड करा हं, मॅडम."

फोनमध्ये सतारीची कसलीशी धून लागली. आमोद उठला नाही, रागावलाही नाही. त्याचे खांदे तेवढे हलू लागले आणि मग त्याच्या तोंडून असा आवाज निघाला जो श्यामलाबाईंनी त्याच्या लहानपणानंतर ऐकलेला नव्हता. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर फोन हातातून सुटला असता. सतार वाजत राहिली, पुन्हा पहिल्यापासून लागली. पलीकडे कुणी येतंय की नाही, कळायला मार्ग नव्हता.

"आई," आमोद म्हणाला, "हात सोड. दुखतोय."

"दुखू दे," श्यामलाबाई म्हणाल्या.